पेढ्याच्या चवीची बिअर? गोड स्टाउटची गोष्ट



दिवाळीच्या सुट्टीत पुण्या-बेंगळुरूहून मुले घरी आली की देशपांडे नगरातल्या घरांमध्ये रात्री उशिरापर्यंत गप्पा चालतात. अशाच एका गप्पांत आमच्यापैकी एकाच्या भाच्याने विचारले, "मामा, तिकडे केकच्या, चॉकलेटच्या चवीची काळी बिअर मिळते. आपल्या धारवाड पेढ्याच्या चवीची कुणी काढली तर चालेल का हो?" आजींनी कानावर हात ठेवले. दोन काका हसले. तिसऱ्यांनी गंभीरपणे विचारले, "पण म्हणजे ते करतात तरी कसे?"

हा लेख त्या तिसऱ्या काकांसाठी आहे. आपल्या मंडळाच्या कार्यक्रमांत मद्य नसते, पुढेही नसेल, आणि ते प्या असे आम्ही कुणाला सांगत नाही. पण आपली मुले ज्या शहरांत राहतात तिथे ही गोष्ट रोजच्या बोलण्यात आहे. तिच्याबद्दल घरात नीट बोलायचे तर आधी ती समजून घ्यायला हवी. शिवाय प्रश्नात आपल्या पेढ्याचे नाव आले आहे, त्यामुळे तो आपल्यालाही थोडा लागू होतो.

आपला भाग आणि दारूबंदी

आधी थोडे मागे जाऊ. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत हुबळी-धारवाड मुंबई राज्यात होते. मुंबई राज्याने १९४९ साली दारूबंदीचा कायदा केला, तो आपल्या जिल्ह्यालाही लागू होता. त्यामुळे आपल्या वडीलधाऱ्यांच्या मनात मद्य म्हणजे चोरून करायची गोष्ट हे पक्के बसले. तोच कायदा नाव बदलून महाराष्ट्रात आजही आहे, आणि त्यानुसार मद्य पिणाऱ्याने परवाना घ्यावा लागतो, हे तिकडच्या अनेक तरुणांनाही माहीत नसते. राज्यघटनेच्या ४७व्या कलमात राज्यांनी दारूबंदीसाठी प्रयत्न करावेत असे म्हटले आहे, तर दुसरीकडे मद्य हा विषय राज्यांच्याच यादीत आहे आणि त्यावरचा कर हे राज्यांचे मोठे उत्पन्न आहे. ही ओढाताण लक्षात ठेवली की पुढे लहान बिअर कारखान्यांच्या अडचणी समजायला सोपे जाईल.

स्टाउट म्हणजे काय?

बिअर चार गोष्टींची होते: पाणी, मोड आणलेले धान्य, हॉप्स नावाच्या वेलीची कडवट फुले आणि यीस्ट. धान्य बहुतेक वेळा सातू, म्हणजे बार्ली. आपण मटकीला मोड आणतो तसेच सातूला मोड आणतात आणि मोड फार वाढायच्या आत ते वाळवतात. याला माल्ट म्हणतात. मोड आल्यामुळे दाण्यात अशी द्रव्ये तयार होतात की दाणा भरडून साधारण ६५ ते ६८ अंश गरम पाण्यात ठेवला की त्यातल्या पिठाची साखर होते. ते गोड पाणी गाळून हॉप्सबरोबर तासभर उकळतात, गार करतात आणि त्यात यीस्ट सोडतात. यीस्ट साखर खाते आणि अल्कोहोल व वायू सोडते. इडलीचे पीठ रात्रभरात फुगते त्यातलाच हा प्रकार, फक्त इथे आठ-पंधरा दिवस लागतात.

स्टाउट ही यातली काळी बिअर. अठराव्या शतकात लंडनमध्ये पोर्टर नावाची गडद बिअर लोकप्रिय होती. तिचा जोरकस प्रकार तो 'स्टाउट पोर्टर', पुढे नुसता स्टाउट. १७५९ साली आर्थर गिनेस यांनी डब्लिनमधला एक कारखाना वर्षाला ४५ पौंड भाड्याने आणि तब्बल ९००० वर्षांच्या कराराने घेतला. आज जगात सर्वांत ओळखीची स्टाउट त्यांच्याच नावाची आहे. लंडनहून रशियाच्या दरबारात जाणारी जास्त कडक स्टाउट 'इम्पीरियल' म्हणून ओळखली जाऊ लागली. हा शब्द पुढे पुन्हा येणार आहे.

काळा रंग कुठून येतो?

याचे उत्तर धारवाडच्या लाइन बाजारात मिळते. पेढ्यासाठी खवा कढईत घोटत घोटत भाजतात. पांढरा खवा आधी बदामी, मग तपकिरी होतो आणि त्याला तो खास खमंग वास येतो. दुधातली साखर आणि प्रथिने उष्णतेने एकमेकांशी जुळतात म्हणून हे घडते. लुई-कामीय मेलार्ड या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९१२ साली ही क्रिया मांडली, म्हणून तिला मेलार्ड क्रिया म्हणतात. भाकरीवरचे डाग, भाजलेली कॉफी, बेळगावचा कुंदा, गोव्याच्या बेबिंकाचा वरचा थर, या सगळ्यांच्या वासामागे तीच क्रिया कमीअधिक असते.

स्टाउटमध्ये हेच सातूवर होते. १८१७ साली डॅनियल व्हीलर या इंग्रज माणसाने फिरत्या पिंपात माल्ट भाजण्याच्या पद्धतीचे पेटंट घेतले. त्यामुळे माल्ट न जाळता दोनशे अंशांच्या वर, जवळजवळ काळा होईपर्यंत भाजता येऊ लागला. असा काळा माल्ट थोडासा जरी घातला तरी अख्खी बिअर काळी होते आणि चवीला कॉफी, कडू चॉकलेट, किंचित करपलेल्या पोळीचा कडा अशी छटा येते. म्हणजे 'चॉकलेटची चव' असलेल्या कित्येक स्टाउटमध्ये चॉकलेट अजिबात नसते. ती चव भाजणीची असते.

यीस्टने साखर खाल्ली, मग गोडवा कसा उरतो?

तिसऱ्या काकांचा पुढचा प्रश्न हाच होता, आणि तो बरोबर आहे. बिअरमध्ये नुसती साखर टाकली तर यीस्ट ती खाऊन टाकते. गोडी वाढत नाही, अल्कोहोल वाढते. यावरचा जुना उपाय म्हणजे दुधातली साखर, लॅक्टोज. बिअरच्या यीस्टला ती पचत नाही, त्यामुळे ती शेवटपर्यंत पेयात राहते. लॅक्टोज आपल्या साखरेपेक्षा पुष्कळच कमी गोड असते, पण तिच्यामुळे पेय तोंडात दाट, मऊ लागते. अशा बिअरला मिल्क स्टाउट म्हणतात. इंग्लंडच्या केंट परगण्यातल्या हाइथ गावच्या मॅकेसन कारखान्याने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ती बाजारात आणून गाजवली. त्या काळी ती आजाऱ्यांना आणि बाळंतिणींना पौष्टिक म्हणून दिली जाई! तो समज चुकीचा होता. दुसऱ्या महायुद्धानंतर 'मिल्क' हा शब्द लोकांची दिशाभूल करतो म्हणून तिथल्या सरकारने तो लेबलावरून काढायला लावला.

हा प्रसंग मुद्दाम सांगितला. लेबलावरच्या एका खाद्यपदार्थाच्या नावाने मद्य निरुपद्रवी वाटू लागते, हे लोकांच्या ध्यानात यायला एवढा काळ गेला.

मिठाईची स्टाउट

गेल्या वीस-पंचवीस वर्षांत अमेरिका आणि युरोपातल्या लहान कारखान्यांनी मिल्क स्टाउट आणि इम्पीरियल स्टाउट एकत्र आणल्या आणि त्यांत व्हॅनिला, नारळ, कॉफी, कोको, सुकामेवा घालायला सुरुवात केली. न्यूयॉर्क राज्यातल्या लेकवुड येथील सदर्न टियर हा कारखाना २००२ साली सुरू झाला. त्यांची क्रेम ब्रूले नावाची स्टाउट प्रसिद्ध आहे. क्रेम ब्रूले म्हणजे वर साखर जाळून कुरकुरीत केलेले फ्रेंच कस्टर्ड. ती चव आणायला लॅक्टोज, व्हॅनिलाच्या शेंगा आणि गडद कॅरॅमल वापरतात. अशा प्रकाराला पुढे 'पेस्ट्री स्टाउट' हे नाव पडले. सुरुवातीला ते काहीसे चेष्टेने वापरले जाई, नंतर तेच रूढ झाले.

स्वीडनमधील ओम्नीपोलो यांची गोष्ट आणखी मजेशीर आहे. हेनोक फेन्टी हे बिअर करणारे आणि कार्ल ग्रान्डिन हे चित्रकार, अशा दोघांनी साधारण २०१० साली ते सुरू केले, तेही स्वतःचा कारखाना नसताना. कृती त्यांची, लेबलावरचे चित्र त्यांचे, आणि बिअर मात्र दुसऱ्यांच्या कारखान्यात भाड्याने करून घ्यायची. पुढे स्टॉकहोमजवळ सुंडबीबेरी येथे एका जुन्या चर्चच्या इमारतीत त्यांनी स्वतःची भट्टी लावली. त्यांची 'नोआ पेकन मड केक' ही ११ टक्क्यांची स्टाउट म्हणजे या प्रकाराचा नमुनाच समजतात.

आपल्या प्रश्नासाठी मात्र त्यांनी इंग्लंडच्या बक्स्टन कारखान्याबरोबर केलेली 'यलो बेली' ही बिअर जास्त उपयोगी आहे. तिचे वर्णन ते 'पीनट बटर बिस्किट स्टाउट' असे करतात, आणि त्याच दमात सांगतात की हिच्यात बिस्किट नाही, लोणी नाही, शेंगदाणेही नाहीत. माल्ट, साखर आणि वासाच्या मेळातून तो भास तयार केलेला आहे.

यातून कळते ते असे. बिअरच्या पिंपात पेढे टाकून पेढ्याची बिअर होणार नाही. पेढ्यातले तूप बिअरचा फेस मारेल, साखर यीस्ट खाऊन टाकेल आणि प्रथिनांचा गाळ खाली बसेल. पेढ्याची आठवण करून द्यायची असेल तर तपकिरी भाजलेला माल्ट, लॅक्टोज आणि थोडा कॅरॅमलचा वास एवढ्यावरच काम होईल. म्हणजे धारवाडच्या कढईतला पेढा त्यात कुठेच नसेल. लेबलावर मात्र त्याचे नाव असेल.

स्वतंत्र कारखाना म्हणजे कोणता?

अशा बिअर बहुधा स्वतंत्र लहान कारखान्यांतून येतात. 'स्वतंत्र' याचा अर्थ मालकीशी जोडलेला आहे. अमेरिकेतल्या ब्रुअर्स असोसिएशनच्या व्याख्येप्रमाणे कारखान्यात मोठ्या मद्य कंपनीचा वाटा २५ टक्क्यांहून कमी असावा लागतो. २०११ साली शिकागोचा गूझ आयलंड हा लहान कारखाना जगातल्या सर्वांत मोठ्या बिअर कंपनीने ३ कोटी ८८ लाख डॉलरना विकत घेतला. बाटली तीच, चित्र तेच, पण मालक बदलला. तेव्हापासून 'हे खरोखर कुणाचे?' हा प्रश्न ग्राहक विचारू लागले.

आपल्याकडे या गोष्टीची सुरुवात पुण्यात झाली. २००९ साली सुकेतू तळेकर आणि प्रतीक चतुर्वेदी यांनी ऑलिव्हर शाउफ या जर्मन तज्ज्ञाला बरोबर घेऊन 'डूलाली' सुरू केली. देशातली पहिली मायक्रोब्रुअरी म्हणून ती ओळखली जाते. तिच्या नावात नाशिकजवळचे देवळाली आहे. देवळालीला इंग्रज सैन्याचा तळ होता. मायदेशी जाणाऱ्या बोटीची वाट पाहत तिथे पडून राहिलेले शिपाई कंटाळून भ्रमिष्टासारखे वागू लागत. त्यावरून इंग्रजीत 'डूलाली' म्हणजे डोके फिरलेला असा शब्द आला. आपल्या गावाचे नाव असे जग फिरून पुण्याच्या पाटीवर परत आले.

पुण्यातच नकुल भोसले यांच्या 'ग्रेट स्टेट एल वर्क्स'ने खारवलेल्या कोकमाची एल बाजारात आणली. सोलकढीवर वाढलेल्या माणसाला ती कल्पना परकी वाटणार नाही. बेंगळुरूत २०१०-११च्या सुमारास अशा जागा सुरू झाल्या आणि आज तिथे त्यांची संख्या मोठी आहे. त्यांच्या फळ्यावर कॉफीची किंवा चॉकलेटच्या वळणाची एखादी स्टाउट अनेकदा दिसते.

हा धंदा सोपा नाही. जिथे भट्टी तिथेच ग्लासात विकायचा परवाना वेगळा, बाटलीत भरून दुकानात पाठवायचा वेगळा. महाराष्ट्रातली बाटली कर्नाटकात आणायची तर इथे लेबलाची नव्याने नोंदणी करावी लागते आणि इथला कर भरावा लागतो. मद्य जीएसटीत नाही, त्यामुळे प्रत्येक राज्य म्हणजे लहान कारखान्याला वेगळा देशच. मोठी कंपनी हा खर्च लाखो पेट्यांवर वाटते, लहान कारखान्याला तो थोड्या बाटल्यांवर काढावा लागतो. भाच्याने सांगितलेली बिअर महाग का, याचे एक कारण हे आहे.

आपल्या जोंधळ्याचीही स्टाउट होते

एक गोष्ट वाचून आम्हालाही आश्चर्य वाटले. गिनेसने १९६२ साली नायजेरियात कारखाना काढला. १९८८ साली तिथल्या सरकारने सातूची आयात बंद केली, तेव्हा तिथल्या बिअर कारखान्यांनी स्थानिक ज्वारीकडे मोर्चा वळवला. त्या देशातली काळी स्टाउटही ज्वारीवर होऊ लागली आणि लोकांनी ती स्वीकारली. म्हणजे आपल्या ताटातल्या भाकरीचा जोंधळा दुसऱ्या खंडात स्टाउटच्या पिंपात आहे. उद्या उत्तर कर्नाटकातल्या एखाद्या कारखान्याने मिठाईच्या नावाऐवजी इथल्या शेतकऱ्याचा जोंधळा विकत घेतला, तर त्या बाटलीत आपल्या भागाचे खरोखर काही असेल.

घरात विचारले जाणारे दोन प्रश्न

"ती शाकाहारी असते का?" नेहमीच नाही. बिअर नितळ करण्यासाठी माशाच्या फुगवटीपासून काढलेला पदार्थ वापरण्याची जुनी पद्धत आहे. गिनेसही तो वापरत असे. तो बंद करणार असल्याचे त्यांनी २०१५ साली जाहीर केले आणि पुढे तसे केले. इतर कारखान्यांचे ज्याचे त्याला विचारावे लागते. आणि ज्यांना दूध पचत नाही त्यांनी लॅक्टोजची बिअर टाळावी.

"गोड आहे म्हणजे सौम्य असेल ना?" इथे आम्ही सर्वांना थोडे थांबायला सांगू. बहुतेक पेस्ट्री स्टाउट इम्पीरियल प्रकारातल्या असतात. हिशेब असा: ५ टक्के अल्कोहोलच्या ६५० मिलीच्या मोठ्या बाटलीत शुद्ध अल्कोहोल ३२.५ मिली असते. ११ टक्क्यांच्या ३३० मिलीच्या लहान बाटलीत ते ३६.३ मिली असते. म्हणजे केकसारखी लागणारी छोटी बाटली नेहमीच्या मोठ्या बाटलीपेक्षा भारी. व्हिस्कीच्या ६० मिलीच्या पेगमध्ये, ४२.८ टक्क्यांच्या हिशेबाने, साधारण २५.७ मिली असते. तेव्हा ही लहान बाटली जवळजवळ दीड पेग झाली. जिभेला कडू लागले की माणूस हात आखडतो, गोड लागले की नाही. साखर आणि अल्कोहोल एकत्र असल्याने मधुमेह्यांचा प्रश्न तर आणखी वेगळा. जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट सांगितले की मद्याचे कोणतेही प्रमाण आरोग्यासाठी पूर्ण सुरक्षित म्हणता येत नाही. पिऊन गाडी चालवू नका ही सूचना आपल्या देशात प्रत्येक बाटलीवर छापावी लागते, ती गोड बाटलीलाही तितकीच लागू आहे.

मग पेढ्याचे नाव द्यावे का?

आता भाच्याच्या प्रश्नाकडे परत येऊ.

धारवाड पेढ्याची गोष्ट स्थलांतराची आहे. ठाकूर कुटुंब एकोणिसाव्या शतकात उत्तर प्रदेशातल्या उन्नावहून धारवाडला आले आणि त्यांनी इथल्या दुधाचा पेढा केला. त्यांचे लाइन बाजारातले दुकान पिढ्यान्‌पिढ्या चालले. पुढे १९३३ साली अवधबिहारी मिश्र यांनीही धारवाडला पेढ्याचा व्यवसाय सुरू केला. बाहेरून आलेल्या माणसांनी इथले दूध, इथले पाणी आणि आपली मेहनत एकत्र केली आणि तो पदार्थ या गावाचा झाला. आपणही कधी नोकरीमुळे, कधी व्यापारामुळे, कधी त्याही आधी पेशव्यांच्या काळात इकडे आलो आणि इथले झालो. सवाई गंधर्व कलामंदिरात मराठी नाटक आणि कन्नड वचनगायन दोन्ही आपलेच मानून ऐकतो. म्हणून त्या पेढ्याबद्दल आपल्याला जरा जास्तच माया आहे.

धारवाड पेढ्याला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. गवळ्यांच्या म्हशींचे दूध आणि कढईपुढे तासन्‌तास उभा राहणारा कारागीर यांच्या कामातून ते नाव तयार झाले आहे. बिअर ही वेगळी वस्तू आहे. तिच्यावर ते नाव घालणे कायद्यात कितपत बसते हे वकील सांगतील. आमचे म्हणणे साधे आहे. ज्या बाटलीत पेढा नाही, ज्या बाटलीचा पैसा गवळ्याकडे किंवा कारागिराकडे जात नाही, तिने पेढ्याचे नाव उसने घेऊ नये. मॅकेसनच्या लेबलावरून 'मिल्क' हा शब्द काढावा लागला, तीच चूक पुन्हा कशाला?

याचा अर्थ स्टाउट करणाऱ्याचे कौशल्य आम्ही कमी लेखतो असा नाही. दाणा किती भाजायचा, कुठे थांबायचे, हे त्याला कढईवरच्या कारागिराइतकेच अचूक कळावे लागते. एक अंश जास्त झाला तर दोघांचाही माल करपतो. त्याने आपल्या भाजणीला स्वतःचे नाव द्यावे आणि बाटलीत काय आहे ते मोकळेपणाने लिहावे.

भाच्याला आम्ही हे सगळे सांगितले. तो म्हणाला, "मग मामा, मी पुण्याला जाताना पेढेच नेतो." आजींनी लगेच दोन खोकी काढून दिली, आणि मित्रांना वाटताना ते कुठले हे नीट सांग, असेही बजावले.

तुमच्या घरी धारवाड पेढ्याच्या, कुंद्याच्या किंवा मुंबई राज्याच्या काळातल्या दारूबंदीच्या आठवणी असतील तर मंडळाकडे जरूर लिहून पाठवा. वडीलधाऱ्यांनी सांगावे आणि नातवंडांनी लिहून घ्यावे, एवढीच विनंती.